एक मूठ मावशीची

प्रीतमशेठच्या दालमिलमध्ये बायांचा एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. जिचं अंग बरं नाही, जिच्या घरी मयत झाली, जी पोटुशी आहे, तिच्या वाटीत शेजारणीनं आपली एक मूठ टाकायची. टाकायची आणि गप बसायचं. उपकाराची भाषा नाही.

आता ही वाटी काय भानगड, ते आधी ऐका. अकोल्याच्या शिवणी एमआयडीसीत तूरडाळ फुटते. मशीनमधून कितीही साफ होऊन आली तरी तिच्यात काळा दाणा, टरफल, एखादा खडा राहतोच. म्हणून मिलच्या शेवटच्या टोकाला एक रबरी पट्टा. त्याच्यावरून डाळ सरकत जाते आणि दोन्ही बाजूंना आठ बाया बसून वाईट दाणा वेचतात. वेचलेलं आपापल्या स्टीलच्या वाटीत. संध्याकाळी मुकादम वाट्या पाहणार. वाटी भरली म्हणजे बाईनं काम केलं, रिकामी म्हणजे बाई झोपली. असला हिशोब कोणत्या शहाण्यानं काढला कोण जाणे! डाळच चांगली आली तर वाटी कशानं भरायची? पण वर्षानुवर्षं तोच चालला, आणि बायांनी त्याच्यातूनच आपला रस्ता काढला.

दीपमालेचा नवरा गेला तेव्हा ती तेराव्याची वाट न पाहता कामावर आली होती. घरी बसून कोण खायला घालणार? पट्ट्यापाशी बसली आणि नुसती रडत होती. हात चालेना. संध्याकाळी पाहते तर वाटी शिगोशीग. बाजूला जाईमावशी बसलेली, तोंडातून शब्द नाही. त्या दिवसापासून दीपमाला मावशीच्या बाजूची जागा सोडत नव्हती. दोघी भीमनगरात एकाच गल्लीत राहायच्या, एकाच ऑटोनं यायच्या, डबाही एकाच फडक्यावर उघडायच्या.

आणि आता पाळी मावशीची होती.

मावशीचे डोळे चालले होते. आधी तिला वाटलं धूळ. मग वाटलं मोतीबिंदू, तो काय, शिबिरात काढून देतात. दीपमालेची पोरगी नीलम अमरावतीला नर्सिंग शिकत होती. तिनं मावशीला बडनेऱ्याच्या स्टेशनावरून आपल्याबरोबर नेलं आणि दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू. गेली ती नजर येत नाही, आहे ती सांभाळा, थेंब टाका. मावशी परत आली ती हसतच.

"नळीतून पाह्यल्यावानी दिसते वं," ती ऑटोत म्हणाली. "समोरचं दिसते. बाजूचं गेलं. बाजूचं पाहून तरी काय करायचं? बाजूले तूच तं बसते."

खडा आणि टरफल तिच्या बोटांना कळायचं. काळा दाणा मात्र बोटांना कसा कळणार? तो नळीतून दिसेपर्यंत पुढं निघून जायचा. म्हणून तेव्हापासून सगळ्या जणी येता-जाता तिच्या वाटीत एकेक मूठ टाकायच्या. मुकादमाला पत्ता नाही, शेठला तर नाहीच नाही. मावशीला पोरगं होतं, देवराव. तो सुरतेला गेला तो गेलाच. मिल सुटली तर म्हातारीनं खावं काय, दगड?

पण दीपमालेची गत काही निराळी नव्हती, हेही सांगून ठेवतो. नीलमचं शेवटचं वर्ष चालू होतं. हॉस्टेल, मेस, परीक्षेची फी, सगळं या पट्ट्यावरून जात होतं. पट्टा सुटला असता तर पोरगी वर्षभर आधी घरी आली असती, हातात अर्धवट शिक्षण घेऊन. आणि दुसरी मिल म्हणाल, तर एकेकाळी अकोल्याच्या मिलांमध्ये बायांच्या रांगा बसायच्या, आता जिकडेतिकडे मशीन. चाळिशी उलटलेल्या बाईला गेटावरचा चौकीदारच परत पाठवतो. दीपमालेला हे चांगलं माहीत होतं. रात्री झोपेतसुद्धा तिची बोटं दाणे वेचायची.

पितृपक्षात डबे आले.

काळे, जाड पुस्तकाएवढे. पट्ट्यावर एक आणि प्रत्येक वाटीच्या वर एकेक कॅमेऱ्याचा डोळा लटकवला. लावायला रोहित नावाचा पोरगा आला, अमरावतीचा, शेठच्या तिथल्या मिलमध्ये त्यानंच बसवले होते. पोरगा स्वभावानं वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू. बायांना ताई, मावशी म्हणायचा, त्यांच्यातलाच चहा प्यायचा.

"हा कॉम्प्युटरच हाय का रे?" साधनानं विचारलं. साधना सगळ्यात लहान, माळ्याची, जिभेला हाड नसलेली. "मंग तार कुठं गेली त्याची?"

"तार नाही लागत ताई. नेट पण नाही लागत. जुन्या मशीनले सांगा लागे, असा दाणा काढ, तसा काढ. ह्या डब्याची अक्कल डब्यातच हाय. तुमी काय काढून राहिल्या थे पाहते अन् शिकते. मंग हवेची फुंक मारून आपणच काढते."

"आमच्याच्यानं शिकते?"

"तुमच्याच्यानं नाही तं कोणाच्यानं? अमरावतीले हरभरा शिकला. इथं तूर शिकन."

"मायबाई! म्हंजे आपण मास्तरीण झालो," साधना म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. दीपमालाही हसली. काय भैताड बाया! पण हसू नये तर काय करावं, ते तरी त्यांना कोणी सांगितलं होतं?

शेठ दुसऱ्या दिवशी खाली आला. गडी गोड बोलणारा. म्हणाला, "दिवाळीपर्यंत डबा शिकन. मंग इतक्या बाया लागणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, मागून म्हणू नका शेठनं फसवलं. डबा सगळ्यायच्या वाट्या मोजून राहिला. ज्या मांगं राहतीन त्याइले घरी बसा लागन. बाकीच्याइनं बिनघोर राहावं."

मांगं राहतीन त्या. हे शब्द बायांनी धरून ठेवले. कोण मागं राहणार, ते कोणाला सांगायला नको होतं. सगळ्यांच्या नजरा एकदा मावशीकडं गेल्या आणि खाली वळल्या. मावशीला ते दिसलं नाही.

आणि इथंच घात झाला.

त्या दिवशी दीपमालेनं मावशीच्या वाटीत एकीऐवजी दोन मुठी टाकल्या. कोणाला सांगितलं नाही, सांगायचा रिवाजच नाही. तिला वाटलं, बाकीच्या घाबरल्या असतील, आपली आपली वाटी सांभाळतील, मावशीचं मीच पाहिलं पाहिजे. साधनाला तेच वाटलं. तिनंही दोन टाकल्या. पलीकडच्या सुमनला तेच वाटलं, तिच्या पलीकडचीला तेच. सातही जणी, एकमेकींच्या चोरून, दुसरी काही करणार नाही असं समजून, म्हातारीची वाटी भरत राहिल्या. डोक्यावरचा डबा मुकाट मोजत राहिला. मुकादमाला ते दिसलं असतं तर तो एखादे वेळी ओरडला असता, वाटी सांडायला लागली म्हणून. पण आता वाट्या पाहायचं काम डब्याकडं गेलं होतं, मुकादम बाहेर ट्रक भरायला.

मावशीला कळत होतं का? वाटीला हात लागला की तिला जडपणा कळतच असणार. ती एवढंच म्हणायची, "पुरे वं पोरीहो." कोणी ऐकत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर शेठनं सगळ्यांना पट्ट्यापाशी बोलावलं. पट्टा बंद होता. रोहितच्या हातात टॅब. शेठनं मिठाईचे डबे आणून ठेवले होते. फुकटची मिठाई कधी बरी बातमी घेऊन येत नाही.

"पहिले ठरलं होतं का तिघीचौघी ठेवू," शेठ म्हणाला. "पण डबा आमच्या अंदाजापेक्षा हुशार निंगाला. आता एकच बाई लागन. जिचं काम सगळ्यात पुढं, थी राहीन. बाकीच्याइचा महिनाभराचा पगार अन् मिठाई. वाच रे रोहित."

एकच म्हणजे आपणच, हे दीपमालेला ठाऊक होतं. मुकादम दर साल म्हणायचा, दीपमालेसारखा हात मिलमध्ये नाही. इतक्या जणी जाणार म्हणून तिचा जीव तुटत होता, आणि आपण राहणार म्हणून आतून हलकंही वाटत होतं. माणूस आहे, दोन्ही वाटतं. हॉस्टेलची खोली, नीलमचा पांढरा ड्रेस, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं.

"जाईबाई," रोहितनं वाचलं.

कोणीतरी फिसकन हसलं. मग हसणंही थांबलं. रोहितला वाटलं नाव चुकलं, त्यानं पुन्हा पाहिलं आणि पुन्हा तेच वाचलं. दुसरी कोण, तर दीपमाला. पण दुसऱ्या नंबराला काय चाटायचंय?

मावशी आपल्या जागेवर बसली होती. मान खाली, दोन्ही हात पदरात. दीपमाला तिच्याकडं पाहत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. म्हणेल, शेठ, मले दिसत नाही, ही माही कमाई नोहे. मावशी बोलली नाही. शेठनं सगळ्यात मोठा मिठाईचा डबा तिच्या हातात दिला, तो तिनं घेतला.

बाहेर नळापाशी साधनानं दीपमालेला गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"पाह्यलं? म्या इचारलं सगळ्याइले, हरेकीनं दोन-दोन टाकल्या. आपल्याच मुठीनं आपलाच घात. अन् थी पाह्य कशी बसली, तोंडात गूळ धरल्यावानी!"

"थी काय करन बिचारी."

"बिचारी? मी बिचारी नोहो का? तू नोहो का? मही सोड, मही सासू भाजी इकते, भाकर तं भेटन. तुही पोट्टी शिकून राहिली. जाऊन सांग शेठले. तुह्याच पोरीनं डोळ्याचा कागद आणला. तूच सांगू शकते."

"मह्याच्यानं नाही होत."

"मंग घास भांडे. नीलमलेही लाव घासाले."

हे मात्र बरोबर वर्मी बसलं. दीपमाला तिथंच उभी राहिली. नळ वाहत होता, तो बंद करायचंही तिला सुचलं नाही. मावशीनं आपल्यासाठी काय केलं ते तिला आठवत होतं. पण त्याहून जास्त आठवत होतं ते मघाचं गप बसणं. एक शब्द! एक शब्द बोलली असती म्हातारी, तर दीपमालेनंच तिच्या पायाशी बसून म्हटलं असतं, राहू दे मावशी, तूच राह्य. पण मागायच्या आधीच गिळून बसली, हा राग तिच्या डोक्यात चढला. रागाला पाय फुटतात. ती शेठच्या केबिनमध्ये कधी पोहोचली, तिला कळलं नाही.

"शेठ, एक सांगायचं होतं."

"बोल."

"जाईमावशीले दिसत नाही."

टॅबवरून रोहितची मान वर झाली. दीपमाला एकदा बोलायला लागली ती मग थांबेचना. काचबिंदू सांगितला, अमरावतीचा दवाखाना सांगितला, मुठी सांगितल्या, सात जणींच्या दोन-दोन मुठी सांगितल्या. शेवटी म्हणाली, "थ्या वाटीत जे पडलं, त्यातलं सगळ्यात जास्त मह्या हातचं होतं शेठ. खरी जागा मही हाय." हे शेवटचं वाक्य तिनं ठरवलं नव्हतं. ते आपोआप बाहेर पडलं.

शेठ चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. रोहितकडं वळून म्हणाला, "काय म्हंते रे ही? तुह्या डब्याले समजलं नाही?"

"डबा वाटीकडं पाहते शेठ, हाताकडं नाही पाहत. कोणाचा हात, हे त्याले आपण शिकवलंच नाही."

"म्हंजे खोटंच शिकला?"

"खोटं कसं? काळा दाणा थो काळाच. कोण्याबी वाटीत पडो. त्याचं शिकून झालं." रोहित बोलला आणि मग दीपमालेकडं पाहून टॅब चाळायला लागला. त्यालाही कसंसं वाटलं असावं.

"मंग मले सांग," शेठ दीपमालेला म्हणाला, अगदी समजावून सांगावं तसं, "डबा शिकला तं मले बाई कायले पायजे?"

उत्तर शेठनंच दिलं.

"दुबईच्या पार्टीले पायजे. त्याच्या कागदात हाय, शेवटच्या पट्ट्यावर माणूस बसला पायजे. पोत्यावर 'हातनिवड' छापा लागते. थे कधीमधी व्हिडिओवर पाहते, बाई दिसली का त्याचं समाधान. बाईपाशी एक लाल बटन असते, काई वावगं दिसलं तं पट्टा थांबवाचं. अमरावतीले बसवली होती एक. बम हुशार बाई. घडीघडी पट्टा थांबवे, हा दाणा राह्यला, थो दाणा राह्यला. डबा म्हणे ठीक हाय, बाई म्हणे ठीक नाही. माल पडून राहे. काढा लागली." शेठनं चष्मा काढून पुसला. "तिचे डोळे चांगले होते. तोच तं तरास झाला."

दीपमालेच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

"मंग ह्या बाईले नाही दिसत, हे तं बेसच झालं," शेठ म्हणाला.

तेवढ्यात रोहित दाराकडं पाहून उठला. दारात जाईमावशी उभी होती. एक हात भिंतीवर. किती वेळची उभी होती कोण जाणे. दीपमालेला वाटलं, ही जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

"या बाई," शेठ म्हणाला. "दिसत नाही म्हंते तुमाले?"

"कमी दिसते शेठ."

"लाल बटन सापडते?"

"चाचपलं का सापडते."

"म्या सांगतल्याबिगर दाबाचं नाही. बस. बाकी डबा पाहते. जमन?"

मावशीनं भिंतीवरचा हात काढून पदर सारखा केला. मग म्हणाली, "जमन."

दोघी बाहेर आल्या. पोत्यांच्या थप्पीपाशी मावशी थांबली. दीपमालेला तिचा हात धरायचा होता, पायरी होती तिथं. तिनं हात पुढं केला, मावशीनं आपला काढून घेतला.

"मावशी, मले वाटलं…"

"तुले वाटलं, म्हातारी गिळून बसली."

नाही म्हणायची दीपमालेची हिंमत नव्हती.

"चारचौघींत मी आंधळी हाय म्हणून कशी बोलू वं? लाज वाटली मले. म्हटलं, सगळ्या गेल्या का शेठच्या खोलीत जाऊन सांगू. मह्या जागी दीपीले बसवा, तिच्या पोरीचं शिक्षण हाय. त्याच्यासाठीच आली होती. दारातूनच आयकलं तुहं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आता नाही सांगत. आता आंधळीच पायजे म्हंतात, तं आंधळीच बसतो. तू जाय."

ती भिंत धरून, पाय चाचपत पट्ट्याकडं गेली. खरंच ती सांगायला आली होती, की घाव बसला म्हणून उलट घाव घातला? दीपमालेनं त्यावर पुढं किती डोकं खाजवलं! म्हातारी केबिनपर्यंत कशाला आली असती मग? आणि आलीच होती तर आत यायला तिला काय धाड भरली होती? कोणत्याही बाजूनं पाहिलं तरी गोष्ट तिच्या अंगावरच यायची. आणि समजा मावशीनं सांगितलंही असतं, तर शेठनं डोळस बाई ठेवली असती थोडीच? हा विचार करून तिला थोडं बरं वाटायचं. मग असल्या गोष्टीनं आपल्याला बरं वाटतं, याचीच तिला किळस यायची.

त्या दिवशी ती ऑटोत एकटीच बसली. दुसऱ्या बाया केव्हाच्या निघून गेल्या होत्या. साधनानं "काय झालं वं?" म्हणून फोन केला, तो तिनं उचलला नाही. नीलमचा आला, तो उचलावाच लागला.

"आई, मिलमधल्या एका दीदीचा मेसेज आला. काम गेलं म्हंते सगळ्याइचं?"

"हाव."

"तुहंबी?"

"महंबी."

नीलम आवाज सावरून म्हणाली, "जाऊ दे आई. मी पाहतो इथं रात्रपाळीचं काही भेटते का. नाही जमलं तं पुढच्या साली देईन परीक्षा, काई मरत नाही. पण मावशीचं काय? तिचं तं गेलंच असन सगळ्यात पहिले."

"नाही. तिलेच ठेवलं."

"खरंच?" पोरगी एवढ्या आनंदानं ओरडली, की ऑटोवाल्यानं मागं वळून पाहिलं. "बरं झालं वं आई! लय बरं झालं. म्हातारीनं काय केलं असतं? तूच बोलली असशीन शेठपाशी तिच्यासाठी. मले मालूम हाय तुहा स्वभाव."

ऑटो सिग्नलला थांबला होता. दीपमालेनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"बोलली ना आई?"

"बोलली," दीपमाला म्हणाली.